मसाज थेरपीची शाळा आणि हे करिअर : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठही जिल्ह्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत नुकतीच बारावी झालेली मुलं आहेत, त्यांचे आईवडील आहेत, आणि वर्षानुवर्षं बाळंतिणीचं अंग चोळून देणाऱ्या बायाही आहेत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या ठिकाणी आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मसाज थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट एकच का?

नाही. फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर बारावी सायन्स, नीट, मग साडेचार-पाच वर्षांची पदवी आणि त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी. ही परिषद २००२ च्या कायद्याने आली. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालतं करणं, ऑपरेशननंतर गुडघा वाकवून घेणं, हे त्यांचं काम. मसाज थेरपिस्ट थकलेल्या, आखडलेल्या, ताणलेल्या अंगावर काम करतो. तो आजाराचं निदान करत नाही आणि इलाजाचा दावाही करत नाही.

मसाजसाठी आपल्याकडे फिजिओथेरपीसारखी नोंदणी परिषद नाही. त्यामुळे दुकान कुणीही उघडतं आणि शाळाही कुणीही उघडतं. म्हणूनच या पानावरचा पाचवा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

२. शिक्षण किती लागतं? बारावी नापास असलो तर चालेल का?

बऱ्याच प्रमाणपत्र कोर्सना दहावी पुरते. तरीही जमत असेल तर बारावी पूर्ण करा. हॉस्पिटल, मोठं हॉटेल किंवा क्रीडा संस्था यांच्या जाहिरातीत बारावीची अट अनेकदा असते. दहावी पास असण्याचा पासपोर्टलाही फायदा आहे, तो प्रश्न १७ मध्ये सांगितला आहे.

३. कोर्सचे प्रकार नेमके कोणते? नावं ऐकून गोंधळ होतो.

मुख्य वाटा चार आहेत, आणि त्या वेगवेगळ्या नोकऱ्यांकडे जातात.

पहिली वाट स्पाची. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे 'असिस्टंट स्पा थेरपिस्ट' आणि 'स्पा थेरपिस्ट' हे कोर्स त्यात येतात. स्वीडिश पद्धतीचे हात, म्हणजे लांब घसरते हात, पिठासारखं मळणं, घासणं, थोपटणं, शिवाय टॉवेलने अंग झाकण्याची रीत आणि ग्राहकाशी बोलणं हे सगळं त्यात शिकवतात. पुढे हॉटेल, रिसॉर्ट, सलून.

दुसरी पंचकर्माची. 'पंचकर्म टेक्निशियन' म्हणून वैद्यांच्या हाताखाली अभ्यंग (तेलाची मालीश), स्वेदन (शेकून-वाफवून घाम आणणं), पिंडस्वेद (औषधी पोटलीने शेक), कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवणं), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) करायची. वरवर सोप्या दिसणाऱ्या कामातली बारीक नजर इथे कळते. शिरोधारेत धारापात्र कपाळापासून साधारण चार अंगुळं वर राहिलं पाहिजे, तेल कोमट हवं, डोळ्यांवर कापसाची घडी हवी आणि धार तुटता कामा नये. हाताशी दुसरं भांडं तापत ठेवलं नसेल तर धार मध्येच तुटते. वमन (औषधाने उलटी करवणं), बस्ती (गुदद्वारातून औषध देणं) यांसारखी कर्मं वैद्य ठरवतात, टेक्निशियन स्वतःच्या मनाने करत नाही.

तिसरी निसर्गोपचाराची. पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत उपचार सहायकाचा एक वर्षाचा कोर्स चालतो. मालीशबरोबर मातीचे लेप, टबबाथ, वाफ हेही येतं.

चौथी फिजिओथेरपीची पदवी. ती वर आलीच आहे.

माझं मत विचाराल तर मराठवाड्यातच राहून काम करायचं असेल त्याने पंचकर्माची वाट आधी पाहावी. आपल्याकडे तालुक्याच्या गावालाही आयुर्वेदाचा दवाखाना असतो, स्पा मात्र मोजक्याच शहरांत आहेत.

४. शिकायला पुण्या-मुंबईला जावंच लागेल का?

पंचकर्मासाठी नाही. नांदेड आणि धाराशिव इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, खासगीही आहेत. जवळच्या महाविद्यालयाच्या पंचकर्म विभागात जाऊन टेक्निशियनचा कोर्स चालतो का आणि बाहेरच्या कोर्सच्या मुलांना प्रात्यक्षिकाला घेतात का, हे समोरासमोर विचारा. फोनवर नीट उत्तर मिळत नाही. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची संलग्न केंद्रं कोणती, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात कळतं.

स्पाचं पक्कं शिक्षण मात्र पुणे-मुंबईकडे जास्त मिळतं. जायचं ठरलं तर राहणं, मेस आणि प्रवास फीमध्ये धरूनच हिशोब करा. तीन महिन्यांत हा खर्च कोर्सच्या फीइतका होतो, आणि निम्म्यात पैसे संपले म्हणून परत आलेली मुलं दरवर्षी भेटतात.

५. शाळा चांगली आहे की नुसती जाहिरात, हे कसं ओळखायचं?

प्रवेशाआधी एक प्रात्यक्षिकाचा तास बसून पाहू द्या, असं म्हणा. नाही म्हणाले तर तिथेच उठा. फी भरायला येणाऱ्याला वर्ग दाखवायला अडचण असण्याचं एकही चांगलं कारण नाही.

तासाला बसलात की शिक्षकाच्या हाताकडे बघा. चांगला शिक्षक फळ्यापाशी थोडा वेळ असतो आणि टेबलापाशी जास्त. मुलगा मित्राच्या पाठीवर हात चालवत असतो, शिक्षक त्याच्या हातावर आपला हात ठेवून दाब किती आणि कुठून यायला हवा ते दाखवतात. "अंगठा वाचव, कोपर सरळ ठेव, वजन पायातून येऊ दे," असं सारखं कानावर पडतं. ज्या वर्गात शिक्षक एकदा करून दाखवतात आणि मुलं मोबाईलवर शूटिंग करतात, तिथे तुम्ही व्हिडिओ घेऊन घरी जाल, हात घेऊन नाही.

मग बघा की अंगाला हात लावण्याआधी मुलं समोरच्याला काही विचारतात का. बीपी, शुगर, ऑपरेशन, ताप, कुठली गोळी चालू आहे, दिवस गेलेत का. हे प्रश्न सवयीने विचारले जात असतील तर शाळा खरी आहे. मालीश कधी करायची नाही हे जी शाळा शिकवत नाही, तिने बाकी काहीही शिकवलं तरी मी तिथे स्वतःच्या भाच्याला पाठवणार नाही. (कधी करायची नाही ते प्रश्न १५ मध्ये आहे.)

शरीररचना किती शिकवतात ते विचारा. स्नायूंची नावं पाठ करून घेणं पुरेसं नाही. पोटरीची शीर कुठून जाते, मूत्रपिंड पाठीत कुठे असतं, मानेच्या पुढच्या बाजूला दाब का द्यायचा नाही, हे त्यांच्या मुलांना सांगता आलं पाहिजे. बाहेर चहा पिणाऱ्या जुन्या मुलाला गाठून विचारा. ऑफिसमधल्या मॅडमपेक्षा तो खरं सांगेल.

एका टेबलाला किती मुलं, हेही मोजा. दोघं-तिघं असतील तर ठीक. दहा जणांत एक टेबल असेल तर तुमची पाळी येईपर्यंत कोर्स संपतो.

६. 'शासनमान्य', 'आयएसओ प्रमाणित', 'रजिस्टर्ड संस्था' असं बोर्डावर असतं. ते पुरेसं आहे का?

नाही. संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असणं म्हणजे कोर्स मान्य असणं नव्हे. आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, अभ्यासक्रमाचं नाही. तुम्ही एवढंच विचारा : माझ्या सर्टिफिकेटवर शिक्का कुणाचा असेल? राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीव्हीईटीने, मान्य केलेल्या संस्थेचा असेल तर तो कोर्स नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरवर सापडतो. राज्य मंडळाचा असेल तर केंद्राचं नाव मंडळाच्या यादीत असतं. कोर्सचा कोड लिहून घ्या आणि घरी येऊन स्वतः तपासा.

बिनमान्यतेचं पण उत्तम शिकवणारं ठिकाण असू शकतं का? असू शकतं. एखाद्या जाणत्या वैद्यांकडे किंवा मुरलेल्या थेरपिस्टकडे हात बसवून घेता येतो. फक्त त्याला कोर्स न समजता उमेदवारी समजा, आणि कागदासाठी प्रश्न १२ पाहा.

७. फी किती असली म्हणजे योग्य?

एकूण रक्कम बघू नका. फीला शिक्षकासमोरच्या प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाच्या तासांनी भागा. २४,००० रुपये आणि १२० तास असतील तर तासाला २०० पडतात. १५,००० रुपये आणि २० तास असतील तर तासाला ७५०. दुसरा कोर्स स्वस्त वाटतो, पण तोच महाग आहे.

फी हप्त्याने भरा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते लिहून घ्या. दहावी-बारावीची मूळ सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

८. ऑनलाइन शिकून चालेल का?

शरीररचना, स्वच्छता, ग्राहकाशी बोलणं एवढं ऑनलाइन होईल. हात ऑनलाइन बसत नाही.

९. '१०० टक्के जॉब गॅरंटी' देतात, पण दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात. सही करावी का?

घाईने करू नका. कुठल्या गावात, कुठल्या जागी, किती पगारावर आणि राहण्याची सोय कशी, हे चारही कागदावर नसेल तर ती गॅरंटी नाही. नोकरी सोडल्यास मोठी रक्कम भरा, सर्टिफिकेट आमच्याकडे राहील, असं काही लिहिलेलं असेल तर सही नकोच. मागच्या बॅचच्या चार मुलांचे नंबर मागा. शाळा खरंच नोकऱ्या लावत असेल तर ती आनंदाने देते.

१०. घरचे म्हणतात, स्पा म्हणजे बदनाम धंदा. मुलीला कसं पाठवायचं?

ही काळजी खोटी नाही. स्पाच्या नावाखाली भलते धंदे चालतात, १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक, कायद्याखाली धाडी पडतात आणि बातमीत नाव कामगार मुलीचंही येतं. पण त्यामुळे सगळं क्षेत्र वाईट ठरत नाही. जागा पारखून घ्यावी लागते.

दर्शनी भागात दरपत्रक लावलेलं असतं, ग्राहकाचं नाव-नंबर नोंदवून पावती दिली जाते, रिसेप्शनला कॅमेरा असतो, युनिफॉर्म असतो, खोलीला आतून कुलूप नसतं आणि ग्राहक वेडंवाकडं वागला तर मालिश तिथेच थांबवायची मुभा असते, अशी जागा चांगली. शेवटची गोष्ट मुलाखतीतच विचारा : "ग्राहकाने चुकीचं काही मागितलं तर मी काय करायचं?" मालक "समजून घ्यायचं" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. 'टिपवरच कमाई आहे' असं सांगून पगार ठरवत नाहीत, तीही जागा टाळा.

मुलीला पहिल्या नोकरीसाठी आयुर्वेद रुग्णालय, पंचकर्म केंद्र किंवा बाळंतिणीची मालीश असं काम शोधलं तर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिथे बायकांची मालीश बायकाच आणि पुरुषांची पुरुषच करतात. वडिलांना एकदा ती जागा दाखवून आणा. दहा वेळा समजावण्यापेक्षा ते लवकर पटतं.

११. पैसे किती मिळतात, खरं सांगा.

सुरुवातीचा पगार कमीच असतो. जिल्ह्याच्या गावात तो किराणा दुकानातल्या कामगाराच्या आसपासही निघू शकतो, ही तयारी ठेवा. हात बसला, नाव झालं की स्वतःच्या ग्राहकांवर कमाई वाढते. हिशोब असा मांडा : तासाला ६०० रुपये आणि आठवड्याला १५ ग्राहक धरले तर महिन्याला साधारण ६० मालिशी, म्हणजे ३६,००० रुपये. त्यातून तेल, टॉवेल, पेट्रोल, भाडं आणि न आलेले ग्राहक वजा करा. लग्नसराई आणि हिवाळ्यात काम भरपूर, मे महिन्याच्या उन्हात कमी. वर्षाची सरासरी काढल्याशिवाय कर्ज घेऊ नका.

कुस्ती आणि कबड्डीच्या खेळाडूंची मालीश ही वेगळी वाट आहे, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाचं केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि ही संस्था मसाजरच्या जागांच्या जाहिराती काढते. तालमीत लहानपणापासून अंग रगडलेल्या पोरांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं.

१२. माझी आई वीस वर्षं बाळंतिणीची आणि बाळाची मालीश करते. तिने आता कोर्स करून काय फायदा?

तिला पहिल्यापासून शिकायची गरज नाही. 'आरपीएल' म्हणजे आधीच्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनांमध्ये आहे. थोडं प्रशिक्षण, एक परीक्षा, आणि तिच्या हाताला कागद मिळतो. शहरातली हॉस्पिटलं आणि सोसायट्या आता कागद बघतात.

त्या प्रशिक्षणातून काही जुन्या सवयी मात्र सोडाव्या लागतील, आणि ते आईंना प्रेमाने सांगा. बाळाच्या नाकात आणि कानात तेल घालायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. डोकं दाबून गोल करायचं नाही. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. करडईचं, तिळाचं तेल, शेकशेगडी, पाय ताणून देणं, बाळंतिणीशी चार गोड शब्द बोलणं, हे तर त्यांच्याकडूनच शिकावं.

१३. मला दिसत नाही. हे काम मला जमेल का?

जमेल. जपानमध्ये दृष्टिहीनांनी हा व्यवसाय शतकानुशतकं केला आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या दृष्टिहीन माणसाने तिथे दृष्टिहीनांसाठी अशा विद्येच्या शाळा उभ्या केल्या. शाळा निवडताना दोन गोष्टी बघा : शिक्षक हाताला हात लावून शिकवायला तयार आहेत का, आणि शरीररचनेचे हाताळता येतील असे नमुने आहेत का. घरोघरी जाण्यापेक्षा एका ठरलेल्या जागेचं काम सोपं पडतं.

१४. माझी उंची आणि वजन कमी आहे. शिवाय वय ३८. शरीराला झेपेल का?

उंची-वजनाने फरक पडत नाही, टेबलाच्या उंचीने पडतो. सरळ उभं राहून हात खाली सोडा. मूठ वळली की बोटांची हाडं टेबलाला टेकली पाहिजेत. टेबल त्याहून उंच असेल तर खांदे भरून येतात, खूप खाली असेल तर कंबर जाते. ताकदीने दाबणाऱ्याचे अंगठे आणि मनगटं काही वर्षांत दुखायला लागतात. वजन टाकून, बाहूने आणि कोपराने काम करणारा वीस-पंचवीस वर्षं टिकतो.

दिवसाला चार-पाच ग्राहकांपुढे जाऊ नका, मालक कितीही म्हणो. वयाचं म्हणाल तर ३८ ला लोक जास्त विश्वास टाकतात. आधीच मणक्याचा किंवा मनगटाचा त्रास असेल तर मात्र फी भरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

१५. कुणाला मालीश करायची नाही? ग्राहक हट्ट धरतो तेव्हा काय करायचं?

ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर किंवा मुका मार, उघडी जखम, आवाक्यात नसलेलं बीपी असेल तर नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारून. शुगरच्या माणसाच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. गरम तेल किंवा पोटली आधी स्वतःच्या मनगटावर तपासा, त्याला विचारून उपयोग नाही, कारण भाजलं तरी त्याला कळत नाही.

सगळ्यात धोक्याची गोष्ट एकाच पायाची सुजलेली पोटरी. लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण, अंथरुणावर पडून राहणं, यानंतर एक पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर आत रक्ताची गाठ असू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. लोक याला 'वांब आला' म्हणून चोळायला सांगतात. हात लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. ग्राहक रागावला तर रागावू द्या, पैसे परत करा.

१६. स्वतःचं केंद्र काढायचं आहे. कागद कोणते? आणि बोर्डावर 'संधिवात, लकवा बरा होईल' लिहू का?

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (२०२५ ची दुरुस्ती धरून) ऑनलाइन सूचना द्यावी लागते, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी लागत नाही. नगरपालिकेत आणि पोलीस ठाण्यात आधीच जाऊन स्थानिक अटी विचारून घ्या. भांडवलाला मुद्रा कर्ज बघता येतं, शिशू गटात ५०,००० पर्यंत. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत नाभिक आहेत, मालीशवाले नाहीत. त्यामुळे त्या नावाने कुणी फॉर्म भरून देतो म्हणाला तर सावध राहा.

बोर्डावर तसं लिहू नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत पक्षाघात, संधिवात, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा ही नावं आहेत. 'अंग मोकळं होतं, थकवा जातो' एवढं लिहा. उसण भरलेल्या माणसाचा मणका कडकन वाजवून देणं हेही आपलं काम नाही, कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी.

आणि पाण्याचा हिशोब आधी करा. प्रत्येक ग्राहकाला धुतलेले टॉवेल-चादरी लागतात, तेलकट कपड्याला गरम पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जागा बघताना बोअर, टाकी आणि टँकरचा दर विचारल्याशिवाय भाडेकरार करू नका.

१७. दुबईला किंवा अमेरिकेला जाऊन हे काम करता येईल का?

आखाताकडे लोक जातात. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का येत नाही, वाट सोपी होते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देऊ' असं म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. मुलींनी तर अजिबात नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत लायसन्स लागतं. तिथे मान्य शाळेचे शेकडो तास, न्यूयॉर्कमध्ये १,००० तास, आणि वर परीक्षा. इथल्या तीन महिन्यांच्या कोर्सवर ते मिळत नाही. 'इंटरनॅशनल डिप्लोमा' म्हणून जास्त फी घेणाऱ्या शाळेला एकच विचारा : तुमच्या डिप्लोमावर कुठल्या देशात लायसन्स मिळतं, त्या देशाच्या सरकारी पानावर दाखवा.

१८. कोर्स अर्ध्यात सोडावा लागला, ऊसतोडीला जावं लागलं. पुन्हा सुरू करता येईल का?

शाळेकडून झालेल्या तासांचा दाखला सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, निघण्याआधीच. पुढच्या बॅचला बसू द्यायचं कबूल केलं असेल तर तेही त्याच कागदावर. दाखला नसेल तर पुन्हा सगळी फी मागतात. प्रवेश घेतानाच हंगामाचं सांगितलं तर काही ठिकाणी गुढीपाडव्यानंतरची बॅच धरायला सांगतात, तेच बरं. मधल्या काळात हात सुटू नये म्हणून टोळीतल्या माणसांच्या पाठी आणि खांदे रोज संध्याकाळी चोळून द्या. दिवसभर कोयता चालवलेल्या खांद्याइतका आखडलेला खांदा शाळेच्या टेबलावर सहसा मिळत नाही.